तळमजल्याचे गुलाबी खांब

इमारतीच्या तळमजल्यावरचं गाद्यांचं गोदाम पाच तास जळलं. वरच्या तीन मजल्यांवरची माणसं वेळेत खाली उतरली, कुणाला ओरखडाही आला नाही. आठवड्यानं ताईनं भावाला फोन केला.

"ठोक्या, आमच्या खांबांचे नमुने तुझ्याच प्रयोगशाळेत येणारेत म्हणे. जरा लवकर उरक. सासूबाईंना परक्या घरात झोप लागत नाही."

लहानपणी दिसेल त्या वस्तूवर ठोकून बघायचा म्हणून तो ठोक्या. आता गेली वीस वर्षं काँक्रीट दाबून फोडणं हेच त्याचं काम होतं.

ड्रिलनं काढलेले सहा नमुने आले. चार बोटं आतपर्यंत रंग गुलाबी झालेला. एवढी आच लागली की आतलं पाणी उडून जातं, बारीक चिरा पडतात, आणि निवल्यावरही काँक्रीट सावरत नाही; उलट काही आठवडे आणखी खचत जातं. चांगलं काँक्रीट दाबयंत्रात फुटतं तेव्हा कानठळ्या बसतात. हे सहाही नमुने आवाज न करता भुगा होत बसले. निम्मीसुद्धा ताकद उरली नव्हती.

त्यानं त्याच दिवशी अहवाल पाठवला. महापालिकेच्या कचेरीतून उत्तर आलं, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागवलं आहे, तोवर रहिवाशांनी आपल्या जबाबदारीवर ठरवावं. निदान लोखंडी टेकू तरी लावू द्या, म्हणून तो गोदामाच्या मालकाकडे गेला. विम्याची पाहणी होईपर्यंत कुलूप निघणार नाही, असं मालकानं दारातूनच सांगितलं.

महिन्याभरात बिऱ्हाडं परतू लागली. रविवारी सकाळी तो पोचला तेव्हा ताईचं सामान जिन्यात होतं.

"ताई, माझ्याकडे चल. सगळे चला."

"दोन खोल्यांत आठ माणसं? तुझी बायको तोंडानं काही म्हणणार नाही, पण मला दिसतं ना."

भावजी खांबावर थाप मारत म्हणाले, "महिना झाला, उभी आहे की. तुमचं ते यंत्रच नाजूक असेल."

"यंत्र नाजूक नाही, भावजी."

"मग कधी पडणार, सांगा. तारीख द्या, त्या दिवशी बाहेर राहू."

तारीख त्याला देता येईना. कुणालाच देता आली नसती.

सासूबाई खाली खुर्चीत बसून होत्या. भावजींची कंबर गेलेली. एकट्यानं उचललं असतं तर दोघंही जिन्यावरून गडगडली असती. ते वाकलेले पाहून त्याला राहवलं नाही. त्यानं खुर्चीचे मागचे पाय धरले. एकेक पायरी करत त्यांनी म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर नेलं. वाटेत तिनं मागे हात नेऊन त्याचा गाल चाचपला.

"तू आहेस म्हणून मला भीती नाही रे," ती म्हणाली.

वर ताईनं चहा टाकला होता. तो भिंतीला न टेकता बसला आणि कप हातात घेतला.