स्वप्नाचा आवाज ऐकलेला हेडफोन

मित्रांनो, माझं वय जेमतेम दीड वर्ष, तरी मी आता जुनाच म्हणायचा. मी हेडफोन आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. घोडेगावच्या एका मोबाइलच्या दुकानातून शिनोलीच्या नवनाथांनी मला लेकीच्या ऑनलाइन तासांसाठी घेतलं, तिथूनच माझं खरं आयुष्य सुरू झालं. नवनाथ टेम्पो चालवतात. लेक स्वप्ना तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.

तास संपले की स्वप्ना मोबाइलवर गेम खेळायची. चौघांची एक टीम, समोर दुसरी टीम, आणि एकमेकांना टिपायचं. तिचा नेम बेताचाच, पण समोरचा कुठून येणार हे तिला आधी कळायचं. "डावीकडं दोघं हायेत. ऋषी, तू थांब, मी जाते," असं ती माझ्या माइकमध्ये बोलायची आणि टीम जिंकायची. ओतूरचा ऋषी तिच्या वर्गातला. तो म्हणायचा, "राव, तू नसली तर आपलं काय खरं नाय." ते ऐकून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

टीम वर चढत गेली, तसे अनोळखी लोक समोर येऊ लागले; खेळताना त्यांनाही आमचं बोलणं ऐकू जायचं. एकदा कुणीतरी ओरडलं, "ए, पोरगी हाय रे! भाकऱ्या थापायच्या सोडून हितं काय करती?" स्वप्ना हसली आणि त्यांना हरवून मोकळी झाली.

तिथंच बिनसलं. ती पोरं रोज तिला शोधून येऊ लागली. त्यांनी तिचं गाव काढलं, आडनाव काढलं. मग शिव्यांना जातीची धार आली. ते शब्द मी इथं उच्चारणार नाही. पण एकूण एक शब्द माझ्यातूनच तिच्या कानात गेला.

गेममध्ये तक्रारीचं बटण होतं. तिनं तक्रार केली, रेकॉर्डिंग जोडलं. मिनिटाभरात उत्तर आलं: 'तपासणी केली. नियमभंग आढळला नाही.' अकरा तक्रारींना हेच उत्तर आलं. "कुणी ऐकलं तरी का हे?" ती म्हणाली.

पुढं त्या पोरांनी तिचा नंबर सगळीकडं टाकला. फोन येऊ लागले. एक फोन नवनाथांनी उचलला. पुरतं ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"कोण हायेत ही पोरं? तू काय केलंस?"

"मी काय केलं, पप्पा? मी जिंकले."

नवनाथ म्हणाले, "सोड तो खेळ."

तिनं सोडला नाही. पुण्यात या गेमची स्पर्धा होती, टीमनं नाव दिलं होतं, आणि ती आठवड्यावर आली होती. पण त्या पोरांनी मिळून तिच्याविरुद्धच तक्रारी केल्या आणि त्यांचं मात्र लगेच ऐकलं गेलं. 'अपमानास्पद वर्तनामुळे आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.' स्वप्नानं ते तीनदा मोठ्यानं वाचलं. मग माझा माइक मुठीत धरून मुळापासून मोडला. तिच्या बोटातून रक्त आलं.

दोन दिवसांनी दुपारी ऋषी आला. अंगणातच उभा राहिला.

"मी समदं ऐकत व्हतो. वाटलं, थांबतील."

"एक शब्द तरी बोलायचास."

"मलाबी शिव्या घातल्या असत्या."

"हां. मग आपण दोघं असतो," स्वप्ना म्हणाली.

तो चहा न घेताच गेला. टीम स्पर्धेला गेली नाही. खातं आजतागायत उघडलेलं नाही. नवनाथांनी तिचं सिम बदललं. नको ते फोन थांबले, आणि मैत्रिणींचेही. स्वप्ना कॉलेजला जाते, पण वर्गात हात वर करत नाही, असं तिची आई शेजारणीला सांगत होती. मी आता नवनाथांच्या टेम्पोत असतो, गाणी ऐकायला.

मित्रांनो, आम्हाला जपून वापरा, असं सगळ्याच वस्तू तुम्हाला सांगतात. मला मोडा, तोडा, माझी तक्रार नाही. फक्त खेळताना कुणी कुणाला असं बोललेलं कानावर पडलं, तर त्याच क्षणी तोंड उघडा. मला सगळं ऐकू येत होतं, पण माझा स्वतःचा आवाज नव्हता. ऋषीला होता.