साहेबांची चिठ्ठी

गोदाने लोणच्याची रिकामी बरणी पदराने पुसली आणि चिठ्ठ्या एकेक वाचून आत टाकल्या. शेवटची टाकली तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिच्या नावाची चिठ्ठी त्यांत नव्हतीच.

खरं तर तेवीस वर्षं ती स्वतःच ती चिठ्ठी गुपचूप काढून घेत आली होती. विद्यापीठाच्या स्थापना दिनाला सगळ्यांची एकच पंगत बसे आणि कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठीवर ठरे. हा नियम संस्थापक महिपतरावांचा. आयुष्यभर देशोदेशी राजदूत म्हणून राहिलेला माणूस. "खुर्चीवरून देश रुसलेले बघितलेत मी," म्हणायचे. म्हणून मिरजोळे गावापलीकडच्या उघड्या कातळावर त्यांनी विद्यापीठ काढलं आणि पहिल्याच वर्षी कुलगुरूंना झाडूवाल्याशेजारी जेवायला बसवलं. गोदा तेवढी बसत नसे. मेसची स्वयंपाकीण बसली तर वाढणार कोण? महिपतरावसाहेबांना तिची चलाखी ठाऊक होती, तरी दर वर्षी ते तिचं नाव नव्याने लिहीत.

यंदा साहेब हयात नव्हते, आणि उद्या गोदाही निवृत्त होणार होती. या वेळी मुकाट्याने बसायचं, असं ठरवून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पण कुलसचिव ऋतिकाबाईंच्या कार्यालयाने गेल्या वर्षीच्या पंगतीची यादी जशीच्या तशी उतरवली होती. त्या यादीत गोदा कुठून असणार? चूक आपलीच, तक्रार कोणाकडे करणार, म्हणून ती स्वतःशीच हसली. साहेबांची चिठ्ठी मात्र होती. ती तिने हळूच आत सोडली.

दुपारी अकराव्या पानाला तेच नाव निघालं. ऋतिकाबाईंचा चेहरा पडला. त्या पान उचलायला सांगणार, एवढ्यात गोदा हात पुसत बाहेर आली. बटव्यातून तिने गेल्या वर्षीची आपल्या नावाची चिठ्ठी काढली. साहेबांच्या अक्षरातली, घडी पडलेली.

"साहेब दर साली सांगायचे, गोदे, यकदा तरी बस गो. त्यांच्या जाग्यावर बसतंय मी. चालंल ना?"

"बसा मावशी," ऋतिकाबाई म्हणाल्या. "आज आम्ही वाढतो."

टाळ्या वाजल्या. मुलांनी शिट्ट्याही मारल्या. गोदाला लाजही वाटली आणि आनंदाने रडूही आलं. तेवढ्यात कुलगुरू मिठाचं भांडं घेऊन आले आणि त्यांनी चिमूटभर मीठ पानाच्या वरच्या बाजूला मधोमध वाढायचं सोडून थेट भाताशेजारी वाढलं. पुढच्या पानावरही तसंच.

गोदाचे हात शिवशिवले. पण ती उठली नाही.