तळहातातला खळगा

“एक्स-रेला न्यायचंय, गळ्यात काही ठेवायचं नाही. आज्जींचा दोरा काढून घ्या,” सिस्टर म्हणाली.

आज्जीने दोन्ही हात गळ्यापाशी नेले. पांढऱ्या कापडात बांधलेलं तिचं इष्टलिंग होतं ते. आठव्या वर्षी दीक्षेत तेव्हाच्या स्वामींनी दिलेलं. रोजच्या पूजेला तळहातावर येई तेवढंच, एरवी गळ्यातून उतरलेलं नाही. बाळंतपणात नाही, आजोबा गेले तेव्हाही नाही. आता वय एक्क्याऐंशी, कमरेचं हाड मोडलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“श्रीशैल, कुणापाशी देतूस?”

“माझ्यापाशीच ठेवतो की.”

“भुईवर ठेवू नको, बाबा.”

“न्हाई ठेवत.”

ते हातात घेतलं आणि मी अडलो. खिशात चामड्याचं पाकीट, कमरेला चामड्याचा पट्टा, पाटोद्याहून तिला गाडीत घालून आणल्यापासून अंघोळ नाही. असल्या अंगावर लिंग कसं ठेवायचं? वॉर्डाच्या खिडकीत धुतलेल्या चादरींची घडी होती. सगळ्या वॉर्डात तेवढंच स्वच्छ दिसत होतं. त्यावर ठेवलं, हात जोडले आणि आज्जीचं स्ट्रेचर ढकलायला गेलो.

परत आलो तेव्हा चादरी खाटांवर अंथरून झाल्या होत्या. खिडकी मोकळी होती.

झाडणाऱ्या ताराबाई म्हणाल्या, “बारकं गाठुडं व्हतं ते? मला वाटलं कापसाचा बोळा हाय. टाकला की बादलीत. कचऱ्याची गाडी आत्ताच गेली. काय, सोनं व्हतं का?”

“न्हाई मावशी. देव व्हता.”

त्या झाडू धरून तशाच खाली बसल्या. “आगं माय. मग असा उघड्यावर कावून ठेवला वो?”



दिवस मावळेपर्यंत मी शहराबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर होतो. पट्ट्याचा आणि पाकिटाचा विटाळ नको म्हणणारा माणूस कोपरापर्यंत घाणीत हात घालून कापसाचा एकेक बोळा सोडून बघत होता.

पाटोद्याच्या बाजारात आज्जीचं भस्म, कापूर, उदबत्तीचं दुकान. गिऱ्हाईक उभं असलं तरी ही कालचं कीर्तन सांगत बसायची. कपिलधारच्या यात्रेत ती पुढच्या रांगेत असे. एकदा एका महाराजांनी घाईत पद आवरलं, तर बसल्या जागेवरून म्हणाली, “महाराज, दुसरं कडवं राह्यलं. आमी काय पळून जात न्हाई, म्हना निवांत.” सगळा मंडप हसला आणि महाराजांनी खरंच मागे येऊन कडवं म्हटलं. कीर्तनाचं वेड मला तिच्याकडून आलं. तेच महाराज नेहमी सांगायचे, देव हरवत नाही, माणूस हरवतो. या वाक्याला मी कितीदा मान डोलावली असेल.

रोज सकाळी ती अंघोळ करून डावा तळहात पुढे धरी. इतक्या वर्षांत त्या हाताच्या मधोमध एक खळगा पडला होता. लिंग त्यात आपसूक बसे. भस्म, बेल, आणि मग बारीक आवाजात एक पद. त्याआधी तिच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नसे.

दवाखान्यातही उतरला नाही. लिंग सिस्टरच्या कपाटात आहे, उद्या मिळेल, असं मी दोन दिवस सांगत राहिलो. डॉक्टर म्हणाले, सलाईनवर किती ओढायचं? तोंडाने घेतलं नाही तर ऑपरेशन विसरा.

बहीण शिवकन्या मला जिन्यात घेऊन गेली. “स्वामीकडून नवं आन. जुन्याच दोऱ्यावानी दोरा घाल. तिला दिसतंय कुठं?”

“फसवायचं तिला?”

“मंग उपाशी मारायचं का?”

स्वामींनी नवं दिलं. देताना म्हणाले, “गेलं ते सांगून मगच बांधा. तिचा हक्क हाय तेवढा.”

हो म्हणालो. सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्येने तिचं अंग पुसलं, कपाळाला भस्म लावलं. मी लिंग तळहातावर ठेवलं. आज्जीने उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली. एकदा. मग पुन्हा. मी खाटेची दांडी धरून उभा होतो.

“श्रीशैल, तू जेवलास का?”

“न्हाई, आज्जी.”

“जेवून ये आधी. लेकरू उपाशी असल्यावर देव घास घेत न्हाई.”

मग तिने बेल वाहिला आणि पाणी मागितलं. दोन घोट प्याली. मी व्हरांड्यात जाऊन रडलो, सुटलो म्हणून. त्या दिवशी तिने पद म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्यानंतरही कधी म्हटलं नाही.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी छातीत कफ दाटला आणि ती गेली.

पाटोद्यात आमच्या लिंगायत समाजाच्या जागेत खड्डा खणला. आमच्यात बसवूनच पुरतात; तिला अंघोळ घालून बसती केली होती. न्यायच्या आधी शिवकन्येने मला बाजूला घेतलं.

“तिला कळलं व्हतं. हातात घेतलं तवाच.”

“कशावरून?”

“मला म्हनली, डोळ्यांनी दिसत न्हाई एवढंच त्याला ठाव हाय. त्याला बोलू नको, लई मनाला लावून घील.”

“आन काय म्हनली?”

शिवकन्या पदराने नाक पुसत राहिली. “इचारत व्हती, आता देव मला वळखील का गं?”





खड्ड्यातल्या कोनाड्यात तिला बसवलं. भस्म टाकलं, बेल टाकला. स्वामींनी तिचा डावा हात उघडून मांडीवर ठेवला आणि नवं लिंग तळहातावर ठेवलं. ते खळग्यात बसेना. घरंगळून बेलावर पडलं. त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा घरंगळलं.

मी खाली उतरलो. तिसऱ्यांदा ठेवलं, तिची गार बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि ती मूठ माझ्या दोन्ही हातांत धरून राहिलो.

वर माणसं ओंजळीत माती घेऊन थांबली होती.