वायसर की वायर?

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. हसू नका. नळाचं डोकं फिरवायलाच असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण या घरात ते पक्कड लावून पिरगाळलं, फडक्यात गुंडाळलं, वायरने करकचून बांधलं. आता तुम्हीच सांगा, कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

माझा जन्म ओतशाळेतला. साच्यातून निघालो, कानशीने घासला गेलो आणि चकचकीत होऊन दुकानात बसलो. या घरातल्या आईबाबांनी संसार मांडला तेव्हा मला या स्वयंपाकघराच्या सिंकवर बसवलं. आईने मला दोन बोटांनी सोडलं, दोन बोटांनी बंद केलं आणि म्हणाली, "कसा लोण्यासारखा फिरतो!" त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुढे कितीतरी वर्षं या घराची भांडी विसळली, भाज्या धुतल्या, कधी कुरकुर केली नाही.

मग माझ्या पोटातला वायसर झिजला. वायसर म्हणजे रबराची छोटी चकती. मला बंद केलं की तीच पाणी अडवते. ती झिजली आणि मी गळू लागलो. टप. टप. टप. चकती बदलली की संपलं, एवढंच दुखणं! पण मला तोंड असून बोलता येत नाही, आणि बाबांना कान असून ऐकता येत नाही.

बाबांना सल्ला विचारायची भारी हौस. ऐकायचं मात्र अर्धंच. शेजारचे काका म्हणाले, "घट्ट पिळा, पण..."

"हो हो, कळलं!" म्हणत बाबा पक्कड आणायला पळाले. "पण जास्त जोर लावू नका" हे काकांनी मग भिंतीलाच सांगितलं. माझी मान करकरली आणि गळती वाढली. मावशी म्हणाली, दुरुस्त होईपर्यंत फडकं गुंडाळा. बाबांनी सुतळीने फडकं बांधलं आणि दुरुस्ती झाली म्हणून मोकळे झाले. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!

शेवटी त्यांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरातली प्रत्येक वस्तू स्वतः खोलून जोडणारी. फोन माझ्याशेजारी ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला, आणि सिंकमध्ये भांड्यांचा खडखडाट.

"अरे, त्याचा वायसर बदल!" आत्या ओरडली.

"वायर? हो हो, कळलं!" आणि फोन बंद.

अहो, नळाला कुठली आलीय वायर? पण बाबांनी तर्क लढवला. सुतळी काढायची आणि वायर बांधायची. "ताईच म्हणाली, बदल!" त्यांनी मला इतकं आवळलं की आईला दोन्ही हातांनीसुद्धा सोडता येईना. टपटप चालूच, आणि भांडी तशीच पडलेली. आई संतापली. "पुरे झालं! रविवारी नवा नळ लावा आणि हा भंगारात द्या."

भंगारात! मी! एका रबराच्या चकतीपायी! मला भयंकर राग आला, आणि खरं सांगतो, तेवढीच भीतीही वाटली.

रविवारी नवा नळ ओट्यावर आला. बाबांनी माझ्या मानेला पाना लावला, तेवढ्यात दारात आत्या.

"हे काय रे? याला फाशी कोणी दिली?"

"तूच म्हणालीस ना, वायर बदल!"

आत्याने पिशवीतून रबराची चकती काढली. "वायसर, वेड्या! वायसर! 'अर्ध्या इंचाचा' असं म्हणेपर्यंत तू फोन ठेवलास. म्हणून मेलं स्वतःच घेऊन आले."

आई हसता हसता खालीच बसली. आत्याने पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, वायर सोडली, मला खोललं, नवी चकती बसवली आणि कॉक पुन्हा उघडला. आईने मला दोन बोटांनी बंद केलं. सगळे कान देऊन उभे राहिले. टपटप थांबली होती. बाबा मुकाट्याने नवा नळ दुकानात परत देऊन आले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवर एवढी दया करा. सल्ला खुशाल मागा, पण हात लावण्याआधी शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. माझ्या गळ्यावर वायरचा वण पडलाय, तो काही आता जायचा नाही.

परवा स्वयंपाकघराचं दार करकरायला लागलं. बाबांनी आत्याला फोन लावला. मी भांड्यांवर धो धो वाहत होतो.

"ताई, एक मिनिट थांब," बाबा म्हणाले. त्यांनी मला हलक्या हाताने बंद केलं. "हं, आता बोल. ऐकतोय."

मी एक थेंबसुद्धा पडू दिला नाही.