ढकललेल्या दुर्बिणींची यादी

मला बोलणी खायला आवडत नाही, द्यायला आवडतं. त्यामुळे दोन हजार वीसच्या मार्चमध्ये माझ्या वाट्याला आलेलं काम माझ्या स्वभावाला अजिबात मानवणारं नव्हतं. अलिबागच्या आमच्या हॉस्पिटलात मी दुर्बिणीच्या खोलीतली सिस्टर. तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात, ती तपासणी. नळी घशातून उतरताना माणूस हमखास खोकतो, आणि तेव्हा तर जगाला खोकल्याचीच धास्ती होती. वरून निरोप आला, तातडीचं असेल तेवढंच करा, बाकीच्यांना पुढच्या तारखा द्या. आता हे पेशंटना सांगणार कोण? मी, जयमाला.

तातडीचं कुठलं ते ठरवायला मला फोनवर विचारायचे चार प्रश्न लिहून दिले होते. वजन उतरलंय का, शी डांबरासारखी काळी होते का, रक्ताची उलटी झाली का, घास अडकतो का. एकाला जरी ‘हो’ आलं तर लगेच बोलवायचं. चारही ‘नाही’ असले तर पुढे ढकलायचं. दोन दिवसांत मी एकशे बारा जणांना पुढे ढकललं आणि त्यातल्या निम्म्यांची बोलणी खाल्ली.

एकीने मात्र बोलणी दिली नाहीत. बायजाबाई, वय सहासष्ट, तळा तालुक्यातलं गाव. तिनं चारही प्रश्नांना ‘न्हाय’ म्हटलं. फक्त दुसऱ्या प्रश्नाला, काळ्या शीच्या, ती जरा थांबली. दोन-तीन सेकंद असतील. मला पुढचे चाळीस फोन करायचे होते. मी त्या थांबण्याला ‘नाही’ समजले, खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

मग जे व्हायचं ते झालं. पांढरा किट घालून आम्ही आतल्या आत घामानं भिजायचो. एक पेशंट झाला की खोली पुसायची, हवा जाऊ द्यायची, तासभर बसायचं. दिवसाला पंधरा व्हायचे तिथे तीन होऊ लागले. त्या रिकाम्या तासांत मला ते दोन-तीन सेकंद आठवायचे. घरी कोणाला सांगितलं नाही. थळहून रोज जा-ये करताना स्कूटरवर एकटीच बोलायचे, तेवढंच.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत आमच्याकडे शिवानी मॅडम आल्या. पोटाच्या डॉक्टर, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, उत्साह दहा जणांचा. त्यांना अभ्यास करायचा होता, की ज्यांच्या तपासण्या ढकलल्या त्यांचं पुढे काय झालं. म्हणजे माझीच यादी. मला म्हणाल्या, “जयमालाताई, एकेकाला शोधायचं.”

शोधायचं म्हणजे काय ते त्यांना काय ठाऊक. आपल्याकडे हॉस्पिटलच्या कागदावर माणूस स्वतःचा नंबर देतच नाही. मुंबईत जो कोणी असेल त्याचा देतो, कारण काही बरंवाईट झालं तर कळवायचं त्यालाच असतं. त्या दोन वर्षांत निम्मे मुंबईकर गावी येऊन परत गेले होते आणि फोनची कार्डं बदलून बसले होते. तरी महिन्याभरात मी एकशे अकरा जण शोधले. कोणी बाहेर तपासणी करून घेतली होती, कोणी आपोआप बरं वाटतंय म्हणून विसरून गेले होते. बायजाबाईच्या नावापुढे तिच्या पुतण्याचा, सनीचा, नंबर होता. तो लागत नव्हता.

मॅडम म्हणाल्या, “एक राहिली तरी चालेल.”

“मला नाही चालणार,” मी म्हटलं आणि रविवारी एसटीत बसले.

खोटं कशाला सांगू, वाटेत मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. घरच्यांपुढे काय बोलायचं, हात जोडायचे की नुसतं बसायचं. ‘तुमची बाई थांबू शकते असं मी लिहिलं’ हे वाक्य काही केल्या तोंडात बसत नव्हतं.

गावात बुद्धविहाराजवळ एका पोरीला विचारलं. ती म्हणाली, “आजी वालाच्या शेतात हाय.”

शेतात म्हणजे शेतातच ना, की तिथे पुरली वगैरे, असं माझ्या डोक्यात येऊन गेलं. पण लांबूनच दिसली. डोक्याला फडकं बांधून शेंगा तोडत होती. मी बांधावरून तशीच तिच्यापाशी गेले.

“जयभीम, आजी. मी अलिबागहून आले. दुर्बिणीची सिस्टर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, शेंगांची टोपली उचलली आणि सरळ उलट्या दिशेनं चालू लागली. चालू लागली कसली, पळालीच. बांधावरून बांधावर, आणि मागून मी, चांगली साडी नेसून. पोटात मोठं दुखणं असलेली बाई असं पळत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. विहिरीपाशी तिला गाठलं तेव्हा मलाच बोलता येत नव्हतं.

“रागवायला आलीस काय?” तिनं विचारलं.

“मी का रागवेन?”

“मी तुला खोटं सांगितलं व्हतं ना.”

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि तेच चार प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हाचे. उलटी नाही, अडकत नव्हतं. वजन? “व्हय, समदी चोळी ढिली झालती.” काळी शी? “व्हय. पंधरा दीस.”

मग मला राग आला, आणि राग आला की माझा आवाज चढतो.

“मग सांगितलं का नाही? फोन त्यासाठीच केला होता ना मी?”

तिचाही चढला. “तू सांगशील गं. सनी मुंबईहून आलता, फोन त्याचा. त्यानं आवाज मोठा करून ओटीवर ठेवला. भोवती गावच्या कोरोना कमिटीवाली, शेजारीण, माझी सून, समदी उभी. तवा कोन नुसता शिंकला तरी शाळेत नेऊन कोंडत व्हते चौदा दीस. आनि त्यात तू विचारतेस, शी कसली होते. काय सांगू?”

मी खाली मान घालून म्हटलं, “तुम्ही थांबलात ते मला ऐकू आलं होतं, आजी. तरी मी ‘नाही’ लिहिलं. दोन वर्षं डोक्यातून जात नाहीये.”

ती टोपलीतल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतू लागली. “मला वाटलं तू खोटं पकडलंस. म्हनून मी परत फिरकले न्हाय तिकडं,” ती म्हणाली.

गुरुवारी ती आली. नळी मीच धरून दिली. शिवानी मॅडम पडद्यावर बघत होत्या आणि मी मॅडमच्या तोंडाकडे. त्यांनी एका जागी नळी थांबवली, वळवली, पुन्हा पाहिली.

“जुना व्रण आहे,” त्या म्हणाल्या. “भरलेला. चांगला भरलेला. बाकी पोट स्वच्छ. आजी, तेव्हा काही गोळ्या चालू होत्या का?”

नळी निघाल्यावर आजीनं सांगितलं. गुडघ्यासाठी बाजारातल्या मेडिकलमधून दुखण्याची लाल गोळी, रोज दोन, सकाळी उपाशीपोटी बिनदुधाच्या चहाबरोबर. लॉकडाउनमध्ये रिक्षा बंद, बाजार बंद, गोळी बंद. मग गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधला. महिन्याभरात पोट शांत.

“म्हणजे गोळीनं जखम केली आणि लॉकडाउननं भरली,” मॅडम हसायलाच लागल्या. मी हात धुवायचं निमित्त करून बाजूच्या खोलीत गेले आणि पोटभर रडले. मला इतकं बरं वाटलं होतं की तोंड धुवायचंही सुचत नव्हतं.

परत आले तर मॅडम हसत नव्हत्या. मी त्यांना ओटीवरची गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या डोक्यात शिरली होती. एकशे बारा फॉर्म पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

“ताई, हिचं नशीब चांगलं. पण हे सगळे ‘नाही’ आपण खरे धरलेत. अभ्यास त्यावरच उभा आहे.”

“म्हणजे पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. आणि एक रकाना वाढवू या.”

रकाना त्यांनी स्वतः पट्टीनं आखला. मी यादीतला पहिला नंबर लावला. माणसानं फोन उचलला. मागे टीव्ही, भांडी, दोन-तीन आवाज.

“दुर्बिणीची सिस्टर बोलतेय,” मी म्हटलं. “आधी एक सांगा. जवळ कोणी आहे का?”

तो थांबला. या खेपेला मी थांबू दिलं.

“समदी हायत,” तो हळूच म्हणाला.

“मग फोन घेऊन बाहेर या,” मी म्हटलं. “मला घाई नाही.”