मागची सीट

सातव्या मोटरसायकलवरूनही इर्माचे पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा ती वैतागून ओरडली, "फागुंदेस, या गाड्या काय जिराफांसाठी बनवतात का रे?"

"लांबच्या प्रवासाच्या गाड्या उंचच असतात, बाई," दुकानदार फागुंदेस म्हणाला.

तिचा नवरा वाल्देमार दाराशी बाकावर बसला होता. काखेत थर्मास, हातात येर्बा या कडू चहाचा, नळी खोचलेला तुंबा, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. एकतीस वर्षं तो पुढे, ती मागे, असं दोघांनी निम्मा खंड पालथा घातला होता. तेवढं खंडाच्या दक्षिण टोकाचं उशुआया राहिलं, आणि नेमका त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. तर या बयेनं काय करावं? साठीला आलेली मास्तरीण चार महिन्यांत गाडी शिकली, लायसन्स काढलं आणि सांगून टाकलं, उशुआयाला जायचं, पण दोघांनी. वाल्देमारनेही सांगून टाकलं, बायकोच्या मागे बसणार नाही, अख्खं पायसांदू गाव हसेल.

"मग आज आलास कशाला?" इर्माने विचारलं.

"तुला कुणी गंडवू नये म्हणून."

तो बसणार नसेल तर गाडी घेऊन करायचं काय? हेच तिला सकाळपासून खात होतं. पण बाई हटायला तयार नव्हती.

आठवी गाडी लालभडक होती. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागची सीट ऐसपैस. या मॉडेलची ही शेवटचीच. फागुंदेसने पुढची सीट दोन बोटं खाली घेतली आणि इर्मा चढली.

"टेकले! म्हाताऱ्या, टेकले रे पाय!" तिने आनंदाने असा हॉर्न वाजवला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मग उतरून तिने पेट्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

फागुंदेसने आपला तुंबा भरून तिच्यापुढे धरला. "घ्या. मग, हीच ना बाई?"

इर्माने नळीतून एका दमात तो रिकामा केला, परत दिला आणि गहिवरून म्हणाली, "आभारी आहे रे बाबा, आभारी आहे!"

घ्या! आमच्याकडे तुंबा परत देताना 'आभारी आहे' म्हटलं की अर्थ एकच, पुरे, आता नको. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि जन्मभर भाषा शिकवलेली बाई नेमकी इथे घसरली! फागुंदेसला वाटलं, हा गाडीलाच नकार, आणि त्याचा चेहरा पडला. "नको तर नको," तो पुटपुटला आणि साल्तोहून याच गाडीसाठी आलेल्या दातांच्या डॉक्टरला त्याने खूण केली. "या डॉक्टर, बाईंना नकोय."

डॉक्टर टांग टाकणार, एवढ्यात वाल्देमार कडाडला, "ए दातवाल्या! हात लावशील तर याद राख!" थर्मास बाकावर टाकून तो लंगडत धावला आणि धप्पकन मागच्या सीटवर जाऊन बसला. "आमची गाडी आहे ही! बाई आनंदाने खुळी झालीय, तिला नको म्हणायचं नव्हतं!"

दुकानात हशा पिकला. इर्मा तर हसून हसून खालीच बसली. मग डोळे पुसत उठली आणि त्याच्या पुढ्यात गाडीवर चढली.

"बसलास की रे!"

"गाडी अडवायला बसलोय."

"अडली ना? उतर आता."

तो काही उतरेना. दाराशी माणसं जमली होती, बोटं दाखवत होती. वाल्देमारने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय नीट पायदानांवर ठेवले.

"इर्मा, इतकी वर्षं तुला इथून दिसायचं तरी काय?"

"तुझी पाठ."

"नुसती पाठ?"

"बाकीचं जग बाजूने जायचं."

मग त्याने दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घातले, असे घट्ट की तिला गुदगुल्या झाल्या.

"फागुंदेस," तो ओरडला, "कागद इकडेच आण. मी आता उतरायचा नाही."