तळ्यातला खडक

लातूर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पंचाक्षरीच्या डोक्यात चाकांवरचं घर शिरलं. पंचाक्षरी म्हणजे माझा पुतण्या. गंजगोलाईच्या मागं त्याचं गॅरेज. कुठल्याशा मासिकात त्यानं एक चित्र पाहिलं. गोरा साहेब, त्याची बायको, आणि मोटारीतच चूल, पलंग, पडदे. झालं! मोडीत निघालेली एक बस त्यानं लिलावातून ओढून आणली. बस इतकी जुनी की टपावर पिंपळ उगवलेला आणि पिंपळावर कावळ्यांचं घरटं. बस लातुरात आली तरी कावळे उतरायला तयार नव्हते. तिकीट काढल्यासारखे बसून होते. खोटं वाटत असेल तर पंचाक्षरीला विचारा.

तीन महिने ठोकाठोक चालली. बाकडी गेली, चार खाटा आल्या. मागच्या दाराशी घासलेटचा स्टो. पंचाक्षरीची बायको जगदेवी हिनं जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. ड्रायव्हरच्या मागं एक फळी बसवली, आमच्या लिंगपूजेसाठी.

"जिल्हा झाला, काका," पंचाक्षरी म्हणायचा. "आता जिल्ह्याच्या गावाला शोभंल असं कायतरी पाहिजे का न्हाई?"

पाऊस दोन वर्षं रुसलेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही असं बारीक की एक घागर भरेपर्यंत बायका एकमेकींच्या तीन-तीन पिढ्या काढून व्हायच्या. अशा दिवसांत माणसानं पाणी बघायला जावं हे काही नवल नाही. पण जायचं कुठं, हे ठरलं तेव्हापासून पुढं पंधरा दिवस मी तो बेत मोडायच्या खटपटीत होतो.

पंचाक्षरी वर्तमानपत्र घेऊन आला. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पलीकडं, डोंगरात, एका तळ्याकाठी सरकारनं उद्यान केलं होतं. झोके, बाकं, गाडी लावायला सपाट जागा. जवळ वस्ती नाही, दुकान नाही, एसटी दिवसातून एकदा.

"काका, हे तर तुमचंच तळं!"

माझी बायको शिवम्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हंजी माझा खडक हाय त्ये?"

आता या खडकाचं सांगायला हवं.

बहात्तरच्या दुष्काळात मी त्या तळ्याच्या कामावर गेलो होतो. घरी सांगून गेलो मुकादम म्हणून. तिथं डोक्यावर आली मातीची पाटी. कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजणारा माणूस मी. लाजेपायी आठ महिने घरी एक कार्ड टाकलं नाही. तळ्यात पाण्याचा थेंब यायच्या आधीच काम संपवून परत आलो, तर शिवम्मा ताट वाढायची आणि भिंतीकडं बघून बोलायची.

"आठ महिन्यांत दोन वळी लिहवल्या न्हाईत?"

तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "कागदावर काय लिहायचं? तळ्याच्या बुडाशी हत्तीएवढा खडक हाय. त्याच्यावर तुझं नाव कोरून आलोय. वर पाणी चढंल. तळं हाय तवर नाव हाय."

भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळलं. शिवम्मा हसली. तशी ती लग्नातसुद्धा हसली नव्हती.

खडक होता, एवढं खरं. त्याच्या सावलीला आम्ही जेवायचो. नाव मात्र नव्हतं. पुढं अकरा वर्षं मी तो खडक वाढवत गेलो. हत्तीएवढ्याचा देवळाएवढा केला, अक्षरं वीतभराची हातभर केली. शिवम्मा गल्लीतल्या बायकांना सांगायची, "तुमच्यावाल्यांनी दंडावर तरी गोंदलंय का नाव?" माझ्या बाकीच्या थापा उघड्यावर होत्या, कुणीही दगड मारावा अशा. ही एकच तीस फूट पाण्याखाली होती. तिची मला कधी काळजी वाटली नव्हती.

पण गेल्या साली शिवम्मा प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागली होती. पाटी-पेन्सिल आली, कंदील आला, आणि सहा महिन्यांत तिला तीन अक्षरं वाचता येऊ लागली. तिन्ही तिच्याच नावाची.

मी लगोलग कामाला लागलो. "पंचाक्षरी, औंदा तळ्यात पाणी कुठलं असणार? चिखल बघायला अडीचशे किलोमीटर जायचं का? पुढच्या वर्षी जाऊ."

"चिखल तर चिखल," शिवम्मा म्हणाली. "पानी उतरलं तर बरंच. खडक उघडा पडला असंल."

मी पाण्याचा विषय सोडला आणि रस्त्याला भिडलो. "अहमदपूर, लोहा, नांदेडपर्यंत ठीक. पण भोकरच्या पुढं एक पूल हाय. माझ्या डोळ्यादेखत एक म्हैस चढली, तर तो असा हलला की म्हशीचं दूध तिथंच फाटलं."

"मग आपुन म्हैस न्यायची न्हाई," जगदेवी म्हणाली. नांदेड तिचं माहेर. तिथं पहिला मुक्काम ठरला होता. त्या पुलाला ती लहानपणापासून ओळखत होती.

शेवटचं हत्यार मी पूजेचं काढलं. शिवम्मा लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट घेत नाही. "तिथं स्वच्छ पाणी न्हाई मिळालं तर? ही उपाशी राहील. मला बघवणार न्हाई."

पंचाक्षरीनं डोकं खाजवलं. मला वाटलं, जिंकलो. तर तो म्हणाला, "ड्रम घेऊ. काकूच्या खाटेखाली दोनशे लिटरचा ड्रम बसतो. मापून बघितलंय मी."

"बघा," शिवम्मा माझ्याकडं बघून म्हणाली, "किती काळजी माझी!"

निघायचं सोमवारी ठरलं. गुरू-शुक्राचा अस्त नाही, अमावस्या नाही, जगदेवीच्या नांदेडच्या भावाच्या रजेचा घोळ नाही. कशाचीच अडचण निघाली नाही. एरवी आमच्या घरी साधं बारसं तीनदा पुढं ढकललं जातं.

तेव्हा मी गुपचूप जोडकार्ड टाकलं, उत्तराच्या कोऱ्या कार्डासकट, सटवाजीला. सटवाजी इस्लापूरचा, कामावर माझ्या पुढं पाटी घेऊन चालायचा. लिहिलं, "तळ्यात पाणी किती, मोठा खडक बुडालेला आहे की उघडा, ते खरं खरं कळव. कुणाला बोलू नकोस." पोस्टमन गल्लीत शिरला की मी अनवाणी धावायचो. शिवम्मा म्हणायची, "पोरीचं लगीन ठरल्यागत काय करून राहिले?"

शुक्रवारी उत्तर आलं.

"माणिकअप्पा, रामराम. तळं समुद्र झालं हाय. लाटा पार माहूरच्या गडाला लागून राहिल्या. काल मगरीनं एसटी गिळली, पण कंडक्टर मागच्या दारानं निघाला. खडक बुडाला हाय आणि उघडा पण हाय. कधी येता? आपला सटवाजी."

मी कार्ड हातात घेऊन ओट्यावर बसलो. त्या कामावर संध्याकाळी जेवणं झाली की मी आणि सटवाजी थापांच्या पैजा लावायचो. मीच त्याला तयार केलेला. आख्ख्या किनवट तालुक्यात मला ओळखीचा एकच माणूस, आणि तो असला.

आता एकच वाट उरली. आमच्या गल्लीत जात्याला टाकी घालून देणारी साखराबाई यायची. तिच्याकडून मी एक छिन्नी आणि हातोडी मागून घेतली. बेत सोपा होता. मुक्कामी पोचायचं. पहाटे बायका उठायच्या आधी खडक गाठायचा. तीन अक्षरं, म्हणजे तासाभराचं काम, असं साखराबाई म्हणाली. ती बाई आयुष्यभर दगडच ठोकत आली होती. मी कापड मोजत आलो होतो.

शनिवारी शिवम्मा पूजेचं सामान बांधायला जगदेवीकडं गेली. मी मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर सराव केला. पहिल्या घावाला छिन्नी निसटली. दुसऱ्याला अंगठा सापडला. अंगठा असा सुजला की त्याच्यावर लहान मुलाची टोपी बसली असती. दोन तासांत कसाबसा एक 'शि' निघाला, तोही पाय मोडलेल्या बगळ्यासारखा. या हिशेबानं पहाटेला सुरुवात केली तर खडकावरची तिन्ही अक्षरं दिवाळीला पुरी झाली असती. आणि खडक पाण्याखाली असला तर? अर्धा पाण्यात असला तर? मला पोहता येत नाही. गल्लीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की मी गोदावरी पाठीवर निजून ओलांडली होती.

छिन्नी-हातोडी माझ्या जुन्या धोतरात गुंडाळून ती ट्रंकेच्या तळाशी, स्वेटरखाली सरकवली.

रविवारी दुपारी बस दारात उभी होती. पंचाक्षरी टपावर शिडी बांधत होता, जगदेवी पडद्यांना दोऱ्या ओवत होती. मी ड्रम पुसत बसलो होतो. शिवम्मा आतून आली. हातात माझं जुनं धोतर.

"ह्ये काय हाय?"

"चाकाखाली दगड आला तर..." मी म्हणालो. "पंचाक्षरीच म्हणाला."

"मी?" टपावरून आवाज आला.

शिवम्मानं धोतर सोडलं. छिन्नी उचलून उन्हात धरली. मग माझा हात ओढला आणि अंगठ्याची चिंधी न सोडताच तो नीट पाहिला. मला वाटलं, आता हे तोंड पुन्हा भिंतीकडं वळणार. आणि या वेळी ते वळवून घ्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. अकरा वर्षांचं एवढं मोठं देऊळ, मीच बांधलेलं, माझ्याच अंगावर येत होतं.

"शिवम्मा," मी म्हणालो, "तळ्यात पाणी आलेलं मी कधी बघितलं न्हाई. मी मुकादम पण नव्हतो. पाटी होती डोक्यावर. आन् खडकावर..."

"काल सकाळी दगड कोरा होता," ती म्हणाली. "आज धुणं घेऊन बसले तर बोटाला खाचा लागल्या. मला तीन अक्षरं येतात. त्यातलं पहिलं होतं. पुढं काईच न्हाई."

जगदेवीच्या हातातली दोरी थांबली. पंचाक्षरीनं टपावर उगाचच एक खिळा ठोकला.

"म्हंजी खडक कोरा हाय, ह्ये आधीच ठाऊक होतं तुला?" मी विचारलं.

"कवापासनं ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते सोडा." तिनं छिन्नीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "साखराबाईनं तुमाला बोथट दिली. हिनं खडक कुठला फुटतोय, लोणीसुदिक कापायचं न्हाई. लोहाराकडून धार लावून आना. अजून दुकान उघडं असंल."

मी चपला शोधू लागलो. एक सापडली, दुसरी ड्रममागं गेली होती.

"आन् पहाटं मला उठवा," ती ट्रंक पुन्हा भरत म्हणाली. "मी छिन्नी धरीन, तुमी हानायचं. शेवटलं अक्षर मोठं काढा. वर्गातल्या बाई म्हणतात, मी तिथंच चुकते."